शेड्यूलिंगची लाइन: मुलींनी, नवख्यांनी यावं का?

खराडीची प्लॅनर
११ वर्षं आयटी प्रोजेक्टची शेड्यूलं लावतेय. टीममधल्या एका ज्युनियरने विचारलं, "ताई, कोडिंग सोडून तुमच्या लाइनला येऊ का?" मी लगेच हो म्हटलं. तिच्या लीडला ते अजिबात पटलं नाही, म्हणून इथे मांडते.

एका बँकेच्या डेटा मायग्रेशनचं, म्हणजे जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये नेण्याचं, शेड्यूल करत होते. लीड म्हणाला, टेस्टिंगला पाच दिवस. टेबलाच्या टोकाला बसलेली टेस्टर गप्प होती. लातूरची, डिप्लोमा केलेली, इंग्रजी मीटिंगमध्ये तोंड उघडायला बिचकणारी. नंतर चहाला भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, मास्क केलेला, ग्राहकांची माहिती झाकलेला डेटा हातात पडायलाच चार दिवस जातात. तोवर आम्ही नुसत्या बसून असतो." हे चार दिवस फाइलमध्ये कुठेच नव्हते! ती ओळ टाकल्याबरोबर टेस्टिंग क्रिटिकल पाथवर, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते तिच्यात आलं; फ्लोट, म्हणजे उशिराला असलेली मोकळीक, शून्य. डेटाची मागणी आठवडाभर आधी पाठवली आणि कट-ओव्हरचा, म्हणजे नव्या सिस्टिमवर जायचा शनिवार वाचला.

१९५८ साली अमेरिकी नौदलाने शेड्यूल आखायची पर्ट पद्धत काढली. तिच्यात प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात: आशावादी, संभाव्य, निराशावादी. संभाव्य अंदाजाची चौपट करून बाकीचे दोन मिळवायचे आणि सहाने भागायचं. गणित शाळेतलं आहे. पण निराशावादी आकडा साहेबासमोर कोण बोलणार? टीममध्ये सगळे एकाच साच्यातले असले तर कोणीच नाही. म्हणून या खुर्चीत वेगवेगळ्या घरांतून, गावांतून आलेली माणसं हवीत.

फेज ३ ची डेव्हलपर
ताई, मला हे पटत नाही, आणि कारण अनुभवाचं आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. मी ती घेतली. परत आले तर, "तू आता प्लॅनिंग बघ, घरी वेळेवर जाता येईल." वाईट हेतू नव्हता कोणाचा. पण तीन वर्षांनी सिस्टिम डिझाइनच्या इंटरव्ह्यूला बसले तेव्हा सांगायला एक मॉड्यूल नव्हतं माझ्याकडे. मुली शेड्यूलिंगला आणि मुलगे आर्किटेक्चरला, ही विविधता नव्हे, ही वाटणी झाली.

चिंचवडकर
माझा मुद्दा वेगळा. त्या टेस्टरला काम माहीत होतं म्हणून तिचा आकडा बरोबर आला. लातूरचा त्यात काय संबंध? जो काम करतो त्याला विचारा, एवढा नियम पाळला की पुरे. भरती गुणांवरच व्हावी.

पॉलिटेक्निकवाला
दादा, नियम सगळ्यांनाच पाठ असतो. मीटिंग संध्याकाळी साडेसातला, क्लायंटच्या सोयीने. ज्यांची बस आहे ते उठून गेलेले असतात. मग विचारणार कोणाला? मी कारखान्यात शटडाउन प्लॅनिंग, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या दिवसांचं शेड्यूल करायचो, प्रायमावेरा हे शेड्यूलिंगचं सॉफ्टवेअर तिथेच शिकलो, त्या जोरावर आयटीत आलो. माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नाही. हे दार उघडं नसतं तर आत आलोच नसतो.

खराडीची प्लॅनर
फेज ३, तुमचं वाचून रात्री बराच वेळ विचार करत होते. मी त्या मुलीला सरळ हो म्हणायला नको होतं. दोन-तीन वर्षं कोड लिहिल्याशिवाय इकडे येऊ नये, हे आता मान्य करते. ज्याने बिल्ड तुटलेली, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र केल्यावर अडलेला पाहिला नाही, त्याला डिपेंडन्सी, म्हणजे कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते कळत नाही. रजेवरून आलेल्या बाईला तर न विचारता इकडे ढकलूच नये.

चिंचवडकर, तिला काम माहीत होतं हे खरंच. पण मीटिंगमध्ये आकडा लीडचाच धरला गेला, आणि मीही तो निमूटपणे लिहून घेतला होता. ती चहाला भेटली नसती तर?

फेज ३ ची डेव्हलपर
मग त्या ज्युनियरला आता काय सांगणार?

खराडीची प्लॅनर
सांगितलं काल. पेमेंटचं मॉड्यूल स्वतःकडेच ठेवायचं, आठवड्यातले दोन दिवस माझ्याबरोबर शेड्यूलवर बसायचं, आणि हे मॅनेजरकडून मेलवर लिहून घ्यायचं. सोमवारी ती त्याच्याशी बोलणार आहे.