मदत हवी आहे: समतोल आला तरी अभिक्रिया चालूच असते, हे कशावरून?

मी कोल्हापूरला अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता केमिस्ट्री इंग्रजीतून आहे. इक्विलिब्रियमचा धडा दोनदा वाचला. व्याख्या पाठ झाली: पुढच्या आणि उलट्या अभिक्रियेचा वेग सारखा झाला की समतोल. पण डोक्यात शिरत नाही.

वेग सारखे, तर दोन्ही बाजूंचे पदार्थही निम्मे-निम्मे व्हायला नकोत का? १ मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक) अ‍ॅसिटिक आम्ल आणि १ मोल इथेनॉल घेतलं तर त्यांच्यापासून साधारण २/३ मोल एस्टर आणि तेवढंच पाणी होतं आणि गाडी तिथंच अडते. सर म्हणतात अडत नाही, आत दोन्हीकडून चालूच असतं. बाहेरून तर काहीच बदलत नाही, मग हे कळलं कसं? तास संपला म्हणून विचारायचं राहिलं. घरी सायन्सचं कुणी नाही. प्लीज कुणीतरी मराठीत समजवा.

प्रतिसाद

ताई, आधी एसटीचं उदाहरण घे. समज, कोल्हापूर आणि इचलकरंजी आगारांत मिळून ८० गाड्या आहेत आणि त्या याच दोन गावांत फिरतात. कोल्हापुरात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी दर तासाला दहातली एक सुटते, इचलकरंजीतून दहातल्या तीन. सुरुवातीला सगळ्या कोल्हापुरात ठेव. हळूहळू इथे ६० आणि तिथे २० होतील. आता इथून ६ जातात, तिथून ६ येतात. वेग सारखा, आकडे मात्र वेगळे. २० भागिले ६० म्हणजे १/३, समतोलाला तयार झालेलं भागिले उरलेलं, हाच समतोल स्थिरांक. तो सुटण्याच्या प्रमाणांवर ठरतो, आणि रसायनात ती प्रमाणं तापमानानुसार बदलतात. म्हणून तापमान बदललं की स्थिरांक बदलतो.

पुराव्याचा प्रश्न तू विचारलास याचा मला फार आनंद झाला, बहुतेक मुलं तिथं मान डोलावून पुढे जातात. नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया यांचा समतोल साधलेलं मिश्रण घे. तसंच दुसरं मिश्रण कर, फक्त हायड्रोजनऐवजी तेवढंच ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, वापर. दोन्ही एकत्र केल्यावर अमोनियाचं एकूण प्रमाण तेवढंच राहतं. पण काही वेळानं तपासलं तर एकाच रेणूत साधा आणि जड असे दोन्ही हायड्रोजन बसलेले अमोनियाचे रेणू सापडतात. अभिक्रिया खरोखर थांबली असती तर ही अदलाबदल झालीच नसती.

मूळ प्रश्नकर्ती

सर, गाड्यांचं लगेच कळलं! एस्टरचं वहीत करून बघितलं. एस्टर आणि पाणी २/३, आम्ल आणि इथेनॉल १/३ उरलेलं. तयार झालेल्यांचा गुणाकार भागिले उरलेल्यांचा गुणाकार, म्हणजे (२/३ × २/३) भागिले (१/३ × १/३), उत्तर ४. मग इथेनॉल २ मोल घेतलं आणि स्थिरांक ४च धरला, तर एस्टर ०.८५ मोल येतं. बरोबर आहे का?

प्रतिसाद

अगदी बरोबर. आता इथेनॉल १ मोलच ठेव, पण सुरुवातीलाच १ मोल पाणी घाल आणि एस्टर किती येतं ते काढ.