ड्रिपमधला क्षार: अ‍ॅसिडऐवजी तेलविहिरीतलं 'हिरवं' रसायन चालेल का?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट: सामू (pH) ७.८, बायकार्बोनेट लिटरला ६ मिलीइक्विव्हॅलंट, कॅल्शियम ४. मोटारीचं पाणी तासाला १२,००० लिटर, लॅटरल (ड्रिपर बसवलेली नळी) १६ मिमी. अ‍ॅसिड सोडलं की ड्रिपर मोकळे होतात, पुन्हा चोकअप. तेलाच्या विहिरीत क्षार बसू नये म्हणून मातीत कुजणारी रसायनं वापरतात म्हणे. केळीला चालतील का? डोस काय?

तापीकाठ
चालतील, पण आधी जुना क्षार काढा. ही रसायनं कोवळ्या स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखतात; बसलेला थर त्यांना हलत नाही.

क्षाराच्या खपलीवर अ‍ॅसिडचा थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट. नाही फसफसलं तर जिप्सम, लोह किंवा सिलिका असेल, मग वेगळा विचार.

तुमच्या रिपोर्टनुसार ३०-३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक १००० लिटरला साधारण ६०० मिली लागेल, म्हणजे तासाला सात-साडेसात लिटर. तरी १० लिटरच्या बादलीत थोडं थोडं टाकून pH पेपरवर सामू ४ येतो का ते बघाच. शेवटच्या ड्रिपरलाही ४ आला की पंप बंद, रात्रभर ठेवा, सकाळी सबमेन (लॅटरलना पाणी देणारा पाइप) आणि लॅटरलची टोकं उघडून फ्लश. अ‍ॅसिड फिल्टरनंतर सोडा, नाहीतर फिल्टरची लोखंडी टाकी खाते. पाण्यात अ‍ॅसिड, उलटं कधीच नाही. ब्लीचिंग किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) जवळसुद्धा नको, क्लोरीन वायू सुटतो.

मग पॉलिअ‍ॅस्पार्टेट. हेच ते मातीत कुजणारं रसायन. त्याच्या ४० टक्के द्रावणाचा डोस ५ पीपीएम (लिटरला ५ मिलिग्रॅम मूळ रसायन) धरला तर १००० लिटरला १० मिली, तुमच्या मोटारीला तासाला १२० मिली. एवढं बारीक व्हेंचुरीला (पाण्याच्या ओढीने खत खेचणारी जोडणी) मोजता येत नाही. व्हेंचुरी तासाला ६० लिटर ओढत असेल तर ६० लिटर पाण्यात १२० मिली कालवा. आजचं द्रावण आजच संपवा: कुजणारं रसायन आहे, पातळ करून ठेवलं की शेवाळतं, आणि तोच चिकटा ड्रिपरमध्ये जातो.

दुकानात 'अँटिस्केलंट' म्हणून मिळतं ते बहुधा फॉस्फोनेट असतं. क्षार तेही रोखतं, पण मातीत सहज कुजत नाही. लेबल वाचूनच घ्या.

नळीवाला
तेलविहिरीत आणि ड्रिपमध्ये कारण एकच: दाब उतरला की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, सामू वाढतो, चुना बसतो. तिथे रसायन दाबाने खडकात शिरवतात. ते खडकाला चिकटून महिनोन्महिने तेलाबरोबर येणाऱ्या पाण्यातून थोडं थोडं परत येतं. बोअरमध्ये ते करायला जाऊ नका. त्याच बोअरचं पाणी घरी पीत असाल तर रसायन मोटारीच्या पुढेच सोडा.

आणखी एक. पंप बंद झाल्यावर ड्रिपरच्या तोंडाशी थेंब वाळतो, तो क्षार कुठलंच औषध पूर्ण थांबवत नाही. पाणी शक्यतो रात्री द्या.

केळीबाग_रावेर
हे रसायन कॅल्शियम नायट्रेट खताबरोबर सोडलं तर?

तापीकाठ
एका टाकीत नको. कॅल्शियम जास्त झालं की पॉलिअ‍ॅस्पार्टेट स्वतःच गढूळ होऊन खाली बसतं. काचेच्या बाटलीत तुमचं पाणी, खत आणि रसायनाचा पाचपट डोस घालून रात्रभर ठेवा. सकाळी गढूळ दिसलं तर दोन्ही वेगळ्या दिवशी.