वस्तीत वर्षभराचं सेवाकार्य: मंडळीने सुरुवात कशी करावी?

प्रश्न: नाशिकच्या शरणपूर रोड भागातली आमची मंडळी, म्हणजे चर्च, साधारण ६० कुटुंबांची. नाताळात ब्लँकेटं वाटतो, पुढे वर्षभर शेजारच्या वस्तीत कुणी फिरकत नाही. आता पास्टरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, कायमच्या कामाला होकार दिलाय. परदेशातली एक मंडळी पैसेही देऊ म्हणते. पहिलं काय करायचं?

उत्तर १: आधी विचारपूस. दोघा-दोघांच्या जोड्या करा, प्रत्येकीत एक तरी बाई हवी, नाहीतर उंबऱ्यावरूनच परत याल. संध्याकाळी सातनंतर जा. ३० घरं पुरेत. प्रश्न तीनच: मुलं शाळेत टिकतात का, आजारपणात कुठे जाता, पैसा सगळ्यात जास्त कशात जातो. आश्वासन काहीही देऊ नका. काहीतरी वाटप होणार असं वाटलं की उत्तरंही त्याच बेताने मिळतात.

उत्तर २: बहुधा अभ्यासवर्गाचीच मागणी येईल. २० मुलं, आठवड्यातून ३ दिवस, साडेसहा ते आठ. शिकवायला ४ जण लागतात, पण नावं ६ घ्या. तरुण संघातली मुलं मार्चमध्ये स्वतःच्या परीक्षेत अडकतात आणि वर्ग ऐन गरजेच्या वेळी बंद पडतो. गट इयत्तेवर नको, वाचनावर पाडा; पाचवीतलं मूलही जोडाक्षराला अडतं. पालकांची लेखी संमती, हजेरीवही, आणि खोलीत कायम दोन मोठी माणसं. यात सूट नाही.

वर्गात प्रार्थना घेऊ नये, असं माझं ठाम मत. इतर धर्मांच्या घरांनी मुलं विश्वासाने पाठवलेली असतात. सुवार्तेबद्दल, येशूच्या संदेशाबद्दल, कुणी आपणहून विचारलं तर मोकळेपणाने सांगावं, पण मदतीला अट लागता कामा नये.

उत्तर ३: परदेशी देणगी मंडळीच्या नेहमीच्या खात्यात घेता येत नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, म्हणजे ‘ओळखीच्या ट्रस्टमार्फत घेऊ’ हेही नाही. फळा, वह्या, वीजबिल यांना महिन्याचं एक अर्पण (उपासनेत जमणारं दान) पुरावं.

शरणपूरला तर अशा शिकवण्याचा वारसाच आहे. सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या इंग्लंडमधल्या मिशनने गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे अक्षरांबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेतला मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. मोठ्या मुलांना वायरिंग, शिवणकाम जोडून द्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणारे सभासद शिकवू शकतील.

प्रश्नकर्ता: आभार. पैसा कशात जातो, हा प्रश्न बायकांनाच विचारायचा का?

उत्तर १: नवरा-बायको दोघांनाही, पण वेगवेगळा. दारूचा आणि सावकाराच्या व्याजाचा आकडा एकमेकांसमोर निघत नाही.