शर्यतीची घोडी रानवाटेला चालेल का?
दादा, घोडागाडीच्या शर्यतीत पळालेली घोडी जांबोटीकडच्या रानवाटांसाठी घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. घ्या, पण आधी पाय बघा. विकणारा तिला फिरवून, अंग गरम करूनच पुढं आणतो, म्हणजे लंगडणं झाकलं जातं. म्हणून न कळवता सकाळी जा आणि कडक जमिनीवर दुडकी चालवायला लावा. पुढचा पाय दुखत असेल तर मान खालीवर होते. वय ‘पाचच’ सांगतील. पाचाला पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपासून उभी खाच दिसली तर दहाच्या आसपास धरा. (माझी फसगत इथंच झाली.) ओढा ओलांडून दाखवायला सांगा, मागून मोटारसायकल जाऊ दे, बुजते का ते बघा. ग्लँडर्सची रक्ततपासणी मात्र सोडू नका, तो रोग माणसालाही होतो.