प्रत्येक स्वराला रंग? माझा विरोध आहे

काळीपाच
परवा इथे एकाने लिलिपाँडचा (संगणकावर नोटेशन छापायच्या मोफत सॉफ्टवेअरचा) कोड टाकला. सी लाल, डी नारिंगी, ई पिवळा असे नोटहेडला, म्हणजे नोटेच्या गोळ्याला, आपोआप रंग. खाली शेरा: "काळं नोटेशन मुलांच्या डोक्यात शिरत नाही, प्रत्येक क्लासवाल्याने हेच वापरावं." तिथे चार ओळींत आवरेना, म्हणून वेगळा धागा.

कोड उत्तम आहे. नोटहेडच्या रंगाच्या जागी स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेतलं फंक्शन बसवलंय, ते नोटेचा पिच (सूर कोणता ते) विचारतं आणि तक्त्यातून रंग उचलतं. पण वर्गात काय होतं? मी कीबोर्ड नि व्हायोलिन शिकवते. दुसऱ्या क्लासातून एक मुलगी माझ्याकडे आली. रंगीत पानं फडाफड वाजवायची. तेच गाणं काळ्या छपाईत पुढे ठेवलं तर बोट उचलेना. नोट रेषेवर आहे की दोन रेषांच्या मध्ये, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. रंग ओळखून काम भागत होतं ना! स्टाफवर, म्हणजे त्या पाच रेषांवर, सूर चढला की नोट वर दिसते, उडी केवढी तेही दिसतं. लालवरून हिरव्यावर जाताना किती चढायचं, हे रंग सांगत नाही.

दुसरं, हा रंग सी, डी अशा ठरलेल्या सुरांना बांधलेला आहे, सा-रे-गला नाही. काळी पाचमध्ये गाणाऱ्या मुलीला आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या मुलाला एकच चीज ट्रान्सपोज करून, म्हणजे ज्याच्या त्याच्या पट्टीत लिहून द्या, सगळं पान रंग बदलतं. सा एकाचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. अमेरिकेतल्या शेप-नोटवाल्यांनी, म्हणजे सरगमातल्या जागेवरून नोटेला आकार देणाऱ्यांनी, 1801 सालीच यातून वाट काढली होती. फा त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन, मी पत्त्यातली चौकट. पट्टी बदलली तरी आकार तेच, आणि एका शाईत छापता येतात. लिलिपाँडमध्ये यातले सेक्रेड हार्प पद्धतीचे चार आणि एकन पद्धतीचे सात आकार तयार आहेत. पट्टी सांगितली की त्यावरून तो आकार ठरवतो. वापरायचं तर ते वापरा.

रंगीतसरगम
तो कोड माझाच. एका मुलीवरून तुम्ही सगळ्यांचा निकाल लावलात. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. दोन शिक्षकांनी "याला जमणार नाही" म्हणून परत पाठवलं. कीबोर्डच्या पट्ट्यांवर रंगीत टिकल्या लावल्या, पानावर तेच रंग आणले, आणि तो आजीच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर वाजवायला बसला. त्याला रेषा वाचता येतात की नाही याने मला काडीचा फरक पडत नाही. फिनलंडमध्ये रेसोनारी संगीतशाळेत फिगरनोट्स ही नोटेशन पद्धत याच पायावर उभी आहे. रंगावरून स्वर, आकारावरून सप्तक. तिथले शिक्षक काय वेडे आहेत?

उजळणी
मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. ही अडचण पुरुषांत बायकांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणजे मुलग्यांच्या वर्गात एखादा तरी असू शकतो. लहानपणी रंगीत चार्टवरचा सी आणि जी मला सारखेच दिसायचे, आणि बाई म्हणायच्या लक्ष नाही. रंग द्यायचाच तर त्याला आकाराची जोड द्या, किंवा लिलिपाँडमधली ईझी हेड्स ही सोय चालू करा. नोटेच्या पोटात अक्षरच छापून येतं.

आणि म्यूझस्कोर या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरचा रंगांचा प्लगइन वापरणाऱ्यांनो, तो सेमिटोन (कीबोर्डवरच्या पट्ट्या) मोजतो. सी शार्प आणि डी फ्लॅट कीबोर्डवर एकाच पट्टीवर, म्हणून दोघांना एकच रंग. लिलिपाँडच्या फंक्शनात नाव आणि शार्प-फ्लॅट वेगळे तपासता येतात, म्हणजे दोघांना दोन रंग देता येतात. कोणता रंग कशासाठी हे आधी ठरवा, मग भांडा.

मिरजमार्गे
रंगाचं काय घेऊन बसलात, आपल्याकडे एका टिंबावर एकमत नाही. हिंदुस्थानी गाणं लिहायच्या दोन पद्धती: भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र. म वर उभी रेघ भातखंड्यांकडे तीव्र मध्यम, पलुस्करांकडे तार सप्तकातला म. खाली आडवी रेघ इकडे कोमल, तिकडे एक मात्रा! माझ्या गुरुजींची वही पलुस्करी, बाजारातलं पुस्तक भातखंडी. परीक्षेच्या आदल्या रात्री मी अख्खी स्थायी कोमल स्वरांत घोकली. पोरांना रंग द्यायच्या आधी हा घोळ मिटवा.

काळीपाच
मिटवायचं काय त्यात? भातखंडे पद्धत घ्या आणि मोकळे व्हा. बाराही स्वर एका शाईत, पट्टी कोणतीही असो. माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

मिरजमार्गे
"मोकळे व्हा"? पलुस्करांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याची मात्रा लिहिलेली असते. एक मात्रेला रेघ, अर्धीला शून्य. लय अशी स्वच्छ भातखंडे पद्धतीत दिसते का? तिथे एका मात्रेतले स्वर खाली चंद्रकोर काढून कोंबायचे आणि विद्यार्थ्याने वाटून घ्यायचे. लाहोरला 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढून ज्या माणसाने सामान्य घरातल्या मुलांना गाणं खुलं केलं, त्याची पद्धत एका ओळीत उडवू नका.

काळीपाच
पलुस्करांबद्दल मी अक्षर काढलेलं नाही. पद्धतीबद्दल बोलले. मात्रेच्या खुणा स्वच्छ आहेत, मान्य. पण स्वराच्या वर टिंब, खाली रेघ, त्यात कोमलाचं हलन्त (पाय मोडल्याची खूण), एवढं सगळं आठ वर्षांच्या मुलाने गाता गाता वाचायचं?

मिरजमार्गे
आम्ही वाचलं. तुमच्या वर्गातली वाचत नसतील तर खुणांना दोष देऊ नका.

रंगीतसरगम
माझ्या मुलाचा विषय होता, दोघांनी शंभर वर्षांपूर्वीचं भांडण काढलंत. ताई, सरळ सांगा. त्याचे रंग काढू का?

काळीपाच
नाही. त्याचे मुळीच काढू नका. तो वाजवतोय ते रंगांमुळे, हे मला दिसतंय. माझा राग "प्रत्येक क्लासवाल्याने" या दोन शब्दांवर आहे. ज्या मुलाला पुढे वाद्यवृंदात बसायचंय, त्याच्यासमोर काळंच पान येणार.

रंगीतसरगम
"प्रत्येक" काढतो. "डोक्यात शिरत नाही" तसंच राहील, कारण त्याच्या खरंच शिरत नव्हतं. आणि रंगांचा तक्ता सा धरून बदलता येईल असं फंक्शन लिहायला घेतो, म्हणजे पट्टी बदलली तरी सा लालच. तेवढा मुद्दा बरोबर होता तुमचा.

उजळणी
लाल सा आणि हिरवा प नको. निळा आणि नारिंगी घ्या, माझ्यासारख्यालाही दिसतील.

मिरजमार्गे
आणि मंद्र-तार कसं दाखवणार? टिंब वर की खाली?