मदत हवी आहे: मुंबई ते न्यूयॉर्क, आईच्या इन्सुलिनसाठी प्रवासाचे तास किती धरायचे?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे, गंगापूर रोडला राहतो. जानेवारीत बहिणीचं बाळंतपण न्यूयॉर्कला आहे, त्यासाठी आई-बाबा पहिल्यांदाच विमानाने निघालेत. आई 67 वर्षांची, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. डॉक्टर म्हणाले, "घरातून निघाल्यापासूनचे तास आणि जेवणाच्या वेळा लिहून आणा, मग डोस ठरवू."

तिथेच अडलोय. तिकिटावर रात्री 1.15 ला सुटून त्याच तारखेला सकाळी 6.45 ला पोचतं असं आहे. आई म्हणते, "साडेपाच तासच की! सकाळचं इंजेक्शन लेकीकडे घेईन." मला याचीच धास्ती वाटते. बाबांनी अंतर साडेबारा हजार किलोमीटर धरलं, ताशी 900 ने भागलं, 14 तास आले. परतीच्या तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर येताना दीड तास कमी लागतो. डॉक्टरांना कोणता आकडा सांगू? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद 1
दादा, जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथले सकाळचे 6.45 म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे 5.15. विमानात 16 तास. (मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे करतात, मग फरक साडेनऊ तासांचा. परतीची तारीख त्यानंतरची असेल तर लक्षात ठेवा.)

बाबांचा भागाकार बरोबर आहे, पण ते सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर आहे. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड असा तो वर चढून जातो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. शिवाय त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. तुमचा दीड तास तिथला.

प्रतिसाद 2
काकूंचं इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात टाकू नका. खाली थंडीने गोठलं तर वाया जातं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. काकूंना दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा, पाय सुजतात.

धागाकर्ता
खूप आभार. आईसमोर बसून आपल्याच घड्याळाने कागद केला. संध्याकाळी 6 ला नाशिक सोडायचं, कसारा घाट उतरून 10 पर्यंत विमानतळ, 1.15 ला उड्डाण, दुसऱ्या दिवशी 5.15 ला उतरणं, इमिग्रेशन आणि सामान धरून बहिणीच्या घरी रात्री 8. एकूण 26 तास. आईने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मग सकाळचं इंजेक्शन विमानातच ना?" उद्या सकाळी हाच कागद घेऊन डॉक्टरांकडे जातोय.

एक राहिलं: विमानात पहिलं जेवण सुटल्यावर साधारण किती वेळाने देतात? मधुमेहींचं जेवण आधी नोंदवता येतं का?