पोटाची चरबी ‘गोठवून’ घालवणे: उपचार की नुसता धंदा?

सातारी_कंदी

लग्नसराई जवळ आली की मोबाईलवर त्याच त्या जाहिराती सुरू. ना चिरफाड, ना टाके, ना डाएट. तासभर मशीन लावून पडून राहा, पोट आत. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत यावर एवढी वादावादी झाली की म्हटलं इथे धागाच काढावा.

माझं मत आधीच सांगते. मशीन खोटं नाही, ते विकताना जे बोललं जातं ते खोटं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये व्हीएलसीसी या वजन-सौंदर्य क्लिनिकांच्या साखळीला ३ लाखांचा दंड केला तो याचसाठी. जाहिरातीत दावा होता की एका सेशनमध्ये ६०० ग्रॅम आणि ७ सेंमीपर्यंत घट. आता ज्या कूलस्कल्प्टिंग या चरबी गोठवणाऱ्या मशीनच्या नावावर हे चाललं होतं, त्याला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था) परवानगी आहे ती बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा त्याखाली असलेल्यांसाठी, ठरावीक जागच्या चरबीपुरती. वजन उतरवण्यासाठी ती नाहीच. त्याआधी काया क्लिनिकलाही अशाच जाहिरातीबद्दल ३ लाखांचा दंड झाला होता. (३ लाख! दोन-तीन पॅकेजांत वसूल.)

म्हणजे ९० किलोचा माणूस वजन कमी व्हावं म्हणून आत जातो आणि कमरेच्या वळीचं मशीन विकत घेऊन बाहेर येतो. याला फसवणूक म्हणायचं की नाही?

घाटवाट

फसवणूक कसली, लोकांनाच फसायचं असतं. पडून राहून चरबी जात असती तर पहाटे उठून सिंहगड चढणारे सगळे वेडे म्हणायचे. रोज बारा सूर्यनमस्कार आणि रात्रीचा भात बंद. शून्य खर्च. असल्या क्लिनिकांवर सरळ बंदी घाला.

निशिगंध_कोथरूड

आलेच सूर्यनमस्कार! घाटवाट, तुम्हाला दोन बाळंतपणं झाली आहेत का?

मी नियमित चालते, वजन ५६, शुगर-थायरॉइड सगळं नॉर्मल. ओटीपोटावरची वळी मात्र तसूभर हलली नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन क्रायो, म्हणजे हेच चरबी गोठवणं, करून घेतलं. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की काट्यावर काही दिसणार नाही आणि आरशात दिसायला दोनतीन महिने लागतील. तसंच झालं. मला कुर्ता नीट बसायला हवा होता, तो बसतो. माझे पैसे, माझं पोट. पुरुषांनी केस काळे केले, टकलावर रोपण केलं की ती ‘पर्सनॅलिटी’, आणि बाईने वळी कमी केली की लगेच व्यायामाचं प्रवचन.

घाटवाट

ताई, प्रवचन नाही. पण एका जागची चरबी घालवून तब्येत सुधारते का, एवढंच सांगा.

निशिगंध_कोथरूड

तब्येतीसाठी केलं असं मी कुठे लिहिलंय? पुन्हा वाचा.

कातडीचा_डॉक्टर

या विषयात रोज काम करतो म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

बर्फाच्या कांड्या चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांत आतली चरबी आक्रसून खळगे पडतात, असं डॉक्टरांना दिसलं होतं. हे १९७० च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकात आलं. वरची कातडी शाबूत आणि खालची चरबी मात्र जखमी, हे कसं? हिवाळ्यात बरणीतलं तूप थिजतं तेव्हा शेजारच्या माठातलं पाणी गोठलेलं नसतं, तसंच. चरबी पाण्याच्या बरीच आधी थिजते. बोस्टनच्या डीटर मॅन्स्टीन आणि रॉक्स अँडरसन या दोघांनी यावर काम करून २००८ मध्ये शोधनिबंध लिहिला, त्यातून हे मशीन निघालं. अमेरिकेत २०१० मध्ये कमरेच्या बाजूच्या वळ्यांसाठी परवानगी मिळाली, २०१२ मध्ये पोटासाठी, पुढे मांड्या, हनुवटीखालचा भाग वगैरे.

मशीन वळी ओढून धरतं आणि ३५ मिनिटं ते तासभर गार ठेवतं. थिजलेल्या पेशी लगेच कुठे जात नाहीत. त्या हळूहळू मरतात आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्या दोनतीन महिन्यांत उचलून नेतात. म्हणून ‘एका बैठकीत ७ सेंमी’ हे ऐकलं की हसू येतं. त्या दिवशी टेपवर जो फरक दिसतो तो चरबीचा असूच शकत नाही. एका वेळी त्या जागच्या थराची जाडी साधारण २० ते २५ टक्के घटते. इंचभर जाड वळी पाऊण इंच होते. बस.

आता कुणी करू नये ते सांगतो, कारण हे जाहिरातीत कधीच नसतं. थंडीने रक्तातली प्रथिनं गोठण्याचा किंवा लाल पेशी फुटण्याचा विकार असलेल्यांनी नाही. त्या जागी हर्निया असेल तर अजिबात नाही. आणि बाळंतपणानंतरचं पोट. निशिगंध, तुमच्या डॉक्टरांनी पाहिलंच असेल, पण बऱ्याच बायकांमध्ये पुढे आलेलं पोट चरबीचं नसतंच. मधले स्नायू दोन बाजूंना फाकलेले असतात, त्यामुळे ते पुढे येतं. त्यावर गारव्याचा काडीचा उपयोग नाही, फिजिओथेरपी लागते. हे हाताने तपासायला दोन मिनिटं लागतात. पण तपासायला डॉक्टर हवा, पॅकेज विकणारा काउन्सेलर नव्हे.

मला खरी भीती मशीनची नाही, इंजेक्शनांची आहे. डीऑक्सिकोलिक ॲसिड, म्हणजे पित्तातलंच एक आम्ल, २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. तिथेसुद्धा सुई चुकली तर जबड्याजवळची नस दुखावून हसताना तोंड काही आठवडे वाकडं होतं. आणि आपल्याकडे पार्लरमध्ये ऑनलाइन मागवलेल्या बाटल्यांतून ‘फॅट डिझॉल्व्ह’ म्हणून दंडात, पोटात टोचतात. बाटलीत काय आहे ते टोचणारीलाही माहीत नसतं. मग गाठी, पू, कायमचे व्रण घेऊन माणूस आमच्याकडे येतो. अशा विनापरवाना इंजेक्शनांबद्दल एफडीएनेही इशारा दिलेला आहे.

हडसनकाठचा

डॉक्टरसाहेब, प्रतिसाद आवडला, पण मशीनला फारच हलक्यात सोडलंत.

लिंडा इव्हँजेलिस्टा आठवते का? नव्वदच्या दशकातली सुपरमॉडेल. तिने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की चरबी गोठवण्याच्या उपचाराने चरबी घटायच्या ऐवजी वाढली, शरीर बेढब झालं आणि ती लोकांसमोर यायची बंद झाली. कंपनीवर ५ कोटी डॉलरचा दावा लावला, २०२२ मध्ये तडजोड झाली. या प्रकाराला पॅराडॉक्सिकल ॲडिपोज हायपरप्लेशिया म्हणतात. मशीनच्या पट्टीच्या आकाराचा कडक गठ्ठा तयार होतो. तो व्यायामाने जात नाही, डाएटने जात नाही, शेवटी लायपोसक्शनच, म्हणजे चरबी शोषून काढायची शस्त्रक्रियाच, करावी लागते. म्हणजे जी सुरी टाळायला गेलात तीच.

२०१४ मध्ये पहिला रुग्ण नोंदला गेला. कंपनी तेव्हा २०,००० मध्ये एक असं काहीतरी प्रमाण सांगत होती. नंतर डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांवरून जे लिहिलं त्यात ते बरंच जास्त निघालं. पुरुषांत तर आणखी जास्त दिसतं. आपल्याकडच्या किती संमतीपत्रांत हे छापलेलं असतं?

कातडीचा_डॉक्टर

माझ्याकडच्यात आहे, मराठीत. इतरांचं मी कसं सांगू? धोका खरा आहे, कमी आहे आणि सांगितलाच पाहिजे.

निशिगंध_कोथरूड

मला सांगितलं होतं, सही करून घेतली होती. आणि हडसनकाठचे, लायपोसक्शनमध्ये भूल असते, रक्ताच्या गुठळीचा धोका असतो, लोक दगावलेही आहेत. तुलना करायची तर त्याच्याशी करा. ‘काहीच करू नका’ याच्याशी केली तर दात पांढरे करणंसुद्धा धोक्याचं ठरेल.

आकडेमोड्या

इथे सगळे चिमटीत येणाऱ्या चरबीबद्दल भांडताहेत. आपल्या लोकांना मारते ती चिमटीत न येणारी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. तीच ही (दोघांच्या आडनावांतल्या ‘वाय’वरून) वायवाय पॅराडॉक्स म्हणून गाजलेली गोष्ट. आपण दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ लाच जादा वजन धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० सेंमी झाली की धोक्याची घंटा.

गारवा असो, लेझर असो, अल्ट्रासाउंड असो, सगळं कातडीखालच्या थरापुरतं. आतड्यांभोवतीच्या, यकृतातल्या चरबीला धक्काही लागत नाही. बरं, कातडीखालची कितीही काढली तरी काय होतं हेही तपासून झालंय. २००४ मध्येच न्यू इंग्लंड जर्नलमध्ये १५ लठ्ठ बायकांचा अभ्यास आला. लायपोसक्शनने प्रत्येकीच्या पोटावरची सुमारे १० किलो चरबी काढली, तरी इन्सुलिनचं काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा नाही. १० किलोने झालं नाही ते पाव इंचाने होणार?

मला चिडचिड होते ती याची. पोट सपाट दिसलं की माणूस एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करायचं विसरतो. खर्च झालेला असतो, समाधान झालेलं असतं.

निशिगंध_कोथरूड

आणि जो क्रायो करत नाही तो दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करतो, असं का?

आकडेमोड्या

नाही करत. पण त्याने निदान दीड लाख भरून गैरसमज तरी विकत घेतलेला नसतो.

पडद्यामागची

वाचत होते, आता राहवत नाही. मी ठाण्यात अशाच एका साखळी क्लिनिकमध्ये काउन्सेलर होते. नाव घेणार नाही.

दर महिन्याला टार्गेट असतं आणि ते बैठकांचं नसतं, रुपयांचं असतं. आलेल्या बाईला आधी आरशासमोर उभं करायचं, हाताने वळी धरून ‘ही बघा’ म्हणायचं. ती ओशाळली की अर्धं काम झालं. मग पॅकेज, मग ‘आजच भरलं तर सूट’, मग ईएमआय. डॉक्टरांची गाठ पैसे भरल्यावर. वर कुणी हर्नियाचं लिहिलंय ना, ते विचारायचा रकाना फॉर्ममध्ये होता, पण तो आम्हीच भरायचो.

फोटोंचं सांगते. ‘आधी’च्या फोटोत पोट सैल सोडायला सांगायचं, उजेड वरून. ‘नंतर’च्या फोटोत ‘ताठ उभ्या राहा हं’, उजेड समोरून, अंतर्वस्त्राचं इलॅस्टिक दोन बोटं वर. टेप आधी बेंबीवर, नंतर बेंबीच्या जरा वर. कुणी शिकवत नाही, आपोआप जमतं. चिमट्याने थराची जाडी मोजायचं साधन कपाटात पडून होतं.

पण गिऱ्हाईकही साधं नसतं. ‘मॅडम, यात वजन उतरणार नाही’ असं मी खरं सांगितलेल्या बायका समोरच्या दुकानात जाऊन दुप्पट पैसे भरून आल्या. तिथे दहा किलोंचं वचन मिळालं होतं.

घाटवाट

दंडवत. म्हणून म्हणतोय, बंदी घाला.

वकिलीण_बाई

बंदीने पार्लरच्या मागच्या खोलीतलं इंजेक्शन वाढेल, दुसरं काही नाही. कायदे पुष्कळ आहेत. १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा बघा, त्याच्या यादीत लठ्ठपणासुद्धा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. अंमल होत नाही, कारण लाजेपोटी कुणी तक्रारच करत नाही. आणि पक्की पावती हातात नसते. पावतीवर कोणतं मशीन, शरीराचा कोणता भाग, कुणी केलं, हे लिहून मागा. आरोग्य विमा यात एक पैसा देत नाही, हेही आधीच समजून घ्या.

हडसनकाठचा

अवांतर: भारतात मार्च २०२५ पासून मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन मिळतंय, मग तसंच वेगोव्हीही आलं. हे मशीनवाले आता कुणाला विकणार?

कातडीचा_डॉक्टर

उलट गर्दी वाढेल. भराभर वजन उतरलं की कातडी लोंबते, आणि लोक तीही ‘चरबी’ समजून गोठवायला येतात. लोंबणाऱ्या कातडीला हे मशीन नाही, सांगून सांगून थकलो. (ती औषधं लिहून देणं हा वेगळा विषय, त्यावर वेगळा धागा काढा.)

सातारी_कंदी

निशिगंध, तुमचा अनुभव मला पटतो, पण तुम्ही योग्य दारात गेलात. बहुतेकांना ते दार कुठलं हेच माहीत नसतं. बंदी मलाही नको. माझी मागणी साधी आहे. पैसे भरायच्या आधी डॉक्टरने तपासायचं, आणि तीन महिन्यांनी चिमट्याने मोजून थर घटला नसेल तर पैसे परत.

निशिगंध_कोथरूड

पैसे परत कशाला? शरीर सगळ्यांचं सारखं साथ देत नाही. डॉक्टर गुण आला नाही म्हणून फी परत देतो का?

सातारी_कंदी

डॉक्टर ‘एका बैठकीत एक साईज कमी’ असा बोर्डही लावत नाही.

पडद्यामागची

पैसे परतचं राहू द्या. नुसती एवढी अट घाला की आधीचं आणि नंतरचं माप क्लिनिकच्या पगारावर नसलेल्या माणसाने घ्यायचं. मी जिथे होते तिथे पहिल्याच महिन्यात शटर खाली आलं असतं.